कबनूरच्या बोळातली घरघर

नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात आमची फौजेची तुकडी पूरमदतीसाठी कोल्हापूर जिल्ह्यात आली. मी सिग्नल्समध्ये हवालदार, गाव गारगोटी. साऱ्या नोकरीत आपल्या जिल्ह्यात ड्युटी लागली ती एकदाच. कंट्रोल रूम कबनूरच्या एका शाळेत होती. बोटींशी बोलत राहायचं आणि स्कॅनरवर बाकीची चॅनेल्स ऐकायची, हे माझं काम.

मळ्यातल्या वस्तीकडं निघालेल्या पहिल्या बोटीवर रेडिओ ऑपरेटर नायक सिद्धार्थ कांबळे होता. मुरगूडचा. सेटवर शिस्तीत बोलायचा, सेट खाली ठेवला की अस्सल कोल्हापुरी. निघताना म्हणाला, "साहेब, आज आपलीच माणसं काढायची हाईत. रिकामा न्हाय यायचो मी."

दुपारी बोट माणसं घेऊन परतत असताना सेटवर घरघर सुरू झाली. कांबळेचा आवाज तुटक आला. "कंट्रोल, बोट वन. इंजिन..." पुढचं काही कळलं नाही. राखीव चॅनेल लावलं, तिथंही तेच. स्कॅनर फिरवला. घरघर सरकत सरकत सगळ्या चॅनेल्सवर येत होती. दुसरी बोट काठाला तयार होती, पण पाणी नजर जाईल तिथपर्यंत. इंजिन गेलं असलं तर पहिली बोट कुठं वाहून गेली असेल? पाठवायची कुठं?

सुभेदारसाहेबांनी विचारलं, "सेट खराब?"

"नाही साहेब. बाहेरून येतंय. जवळूनच."

"शोध."

हातातला सेट घेऊन निघालो. सेट छातीशी धरून जागच्या जागी फिरायचं. आवाजाचं मूळ पाठीमागं आलं की अंगाच्या आडोशानं घरघर कमी होते. मग वळून त्या दिशेला चालायचं. बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडजवळून एका बोळात शिरलो. टोकाच्या घरावर उंच अँटेना होता. आत अर्धी गल्ली टीव्हीपुढं बसलेली.

"टीव्ही आणि अँटेनाचा बूस्टर बंद करा," मी म्हणालो.

घरमालक उठला. "पावणं, पाणी किती चढलं ते बघालोय आम्ही. बातम्या लागायच्या हाईत."

"तुमचा बूस्टर बिघडून घरघर सोडतोय, त्यात आमच्या बोटीचा आवाज येत नाही. बोटीत माणसं आहेत."

"कुठली माणसं?"

"मळ्यातल्या वस्तीवरची."

त्यानं स्वतः जाऊन बटण बंद केलं. घरघर थांबली.

"कंट्रोल, बोट वन. इंजिन बंद. नऊ सिव्हिलियन. वस्तीच्या खाली, चिंचेच्या झाडाला दोर बांधलाय. दोर टिकेल असं वाटत नाही. ओव्हर."

हाच निरोप तो किती वेळ देत होता कुणास ठाऊक. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"बोट वन, कंट्रोल. रॉजर. बोट टू येतेय. ओव्हर."

उजेड असतानाच सगळे काठाला आले. कांबळे शेवटी उतरला. माझा ऑपरेटर म्हणून मला त्याचा जो अभिमान वाटला, तो मी त्याला बोलून दाखवला नाही. फौजेत तशी पद्धत नसते.

पुढं काश्मीरमध्ये आमच्या पोस्टवर फायरिंग झालं. जखमी कुठं पडलेत ते कांबळे सेटवरून सांगत राहिला. मदत पोचली, जखमी वाचले. कांबळे सेटजवळच शहीद झाला.

त्याला घेऊन मी मुरगूडला आलो. कबनूरची माणसं टेम्पो करून आली होती. त्यातल्या एका बाईनं त्याच्या आईचे हात धरले. "आमच्या घरातली पाच जणं त्या पुरातनं जित्ती हाईत, ती तुमच्या ल्योकामुळं."

आई म्हणाली, "आलीत का ती? दाखवा मला."

पाचही जणं पुढं आली. तिनं एकेकाच्या तोंडावरनं हात फिरवला.