सरळ माणसाची वाकडी कंबर

स्टुडिओतला मागचा पडदा सरकवताना फोटोवाल्याच्या कंबरेत उसण भरली. बरेच दिवस तो पलंगावर पडून छताकडे बघत होता. मग दुखणं ओसरलं. त्याने दुकान उघडलं, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकं वाकडी यायला लागली.

म्हणजे त्याचं म्हणणं तसं. पासपोर्टच्या फोटोसाठी कुणी स्टुलावर बसलं की याला ते कलंडलेलं दिसे. मग हा पुढे होई, हनुवटीला दोन बोटं लावून मान झुकवी, खांदा दाबी आणि म्हणे, "हां, आता सरळ बसलात." फोटो कचेऱ्यांतून परत यायला लागले. त्यांतली सगळी माणसं भिंतीला कान लावून शेजाऱ्यांचं भांडण ऐकत असल्यासारखी दिसत.

त्याने दोष स्टुलाला दिला. सुताराकडून त्याचा एक पाय तासून घेतला. त्यावरून एक वकीलसाहेब टायसकट घसरले, तेव्हा त्याने दोष फरशीला दिला. फोटो कापून पाकिटात भरायचं काम बायकोकडे होतं. ती म्हणाली, नाचता येईना म्हणे अंगण वाकडं. हा वाकड्यात शिरला. उभा जन्म लोकांना सरळ बसवण्यात गेला, तो मी वाकडा?

मुलीने त्याला दारापाशी उभं करून त्याचाच फोटो काढला. फोटोत बाबा एका कुशीला कललेले होते, कुणीतरी घाईत टेकवून ठेवलेल्या शिडीसारखे. त्याने फोटो बराच वेळ निरखला आणि दाराची चौकट बिघडल्याचं जाहीर केलं.

चौकट बसवली होती त्याच सुताराने. तो ओळंबा घेऊन आला आणि त्याने वजन बांधलेली ती दोरी चौकटीलगत, फोटोवाल्याच्या नाकासमोर धरली. वजन हलायचं थांबलं; दोरी आणि चौकट अगदी एका रेषेत होत्या. फोटोवाला म्हणाला, दोरीला पीळ असेल.

"चौकटीला नावं ठेवलीत, ठीक," सुतार म्हणाला. "आता पृथ्वीलाही ठेवा."

मग मात्र तो फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गेला. तिथल्या बाईंनी त्याला डोळे मिटून पुढे वाकायला आणि परत ताठ व्हायला सांगितलं. झालात का ताठ, विचारल्यावर तो म्हणाला, अगदी काटकोनात. डोळे उघडले तर आरशातला माणूस कपाटाला टेकायला निघाला होता. बाईंनी खांद्याला हलकाच धक्का दिला, आणि तो खरंच कपाटाला टेकला.

त्यांनी समजावून सांगितलं. कंबर कुठे आहे, कशी आहे, हे तिथले स्नायू डोक्याला सतत कळवत असतात. दुखण्यात तो निरोप पुसट झाला. दुखरी बाजू वाचवायला शरीर कललं, आणि डोक्याने त्या कलण्यालाच सरळ मानून घेतलं. शिवाय धक्क्याआधी आवळायचे ते स्नायू आता धक्का बसून गेल्यावर जागे होत होते.

"दुखणं गेलं काका, पण कंबर अजून खोटं सांगते," त्या म्हणाल्या. "खरे सरळ उभे राहाल तेव्हा तुम्हाला पडतोय असं वाटेल. तिचं ऐकू नका."

हे त्याला फार लागलं. स्वतःच्याच कंबरेवर विश्वास नाही, मग ठेवायचा तरी कुणावर? तरी त्याने व्यायाम सुरू केला. स्टुडिओत ओणवं व्हायचं, एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे उचलायचा. सुरुवातीला तो दर वेळी आडवाच होई. एकदा तो असा ओणवा असताना एक आजोबा फोटो काढायला आले. कचेरीचा नवा नियम असेल असं समजून तेही शेजारी ओणवे झाले आणि कॅमेरा कुठे आहे ते विचारू लागले. त्यांना उठवायला बायकोला बोलवावं लागलं.

पुढे बरेच दिवस बायको समोर उभी राहून हाताने दाखवायची, अजून, थोडं अजून. आपण कोसळणारच अशी त्याची खात्री झाली की ती मान डोलवायची, आणि हा तसाच श्वास धरून फोटो काढायचा. कचेऱ्यांना ते फोटो चालू लागले. शेजारी म्हणत, छान ताठ चालता की. हा हसून नमस्कार करी आणि वळणावर गेला की भिंत धरी.

एका सकाळी दुकानाचं शटर वर करून तो वळला आणि त्याला सणसणून शिंक आली. शिंकेच्या अगदी आधी, न सांगता, कंबर आपली आपणच आवळली. तो जागीच थबकला. बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं, हिने आधी धरलं."

तिला काही कळलं नाही, पण चेहऱ्यावरून बातमी चांगली दिसत होती. खात्री करून घ्यायला तो नाक वर करून उन्हाकडे तोंड करून उभा राहिला. दुसरी शिंक काही येईना.