चकाचक झुंबर

झुंबराच्या आठही फांद्यांवरच्या खुणा मी पॉलिशवाल्याकडून घासून घेतल्या. वरून त्याला चहाही पाजला.

झुंबर सासऱ्यांचं. ते वायरमन होते. गावातलं जुनं थिएटर पाडलं तेव्हा मालकानं ते त्यांना देऊन टाकलं. फ्रेंच बनावटीचं, निळ्या-गुलाबी काचेचं. दोरीसारखा पीळ दिलेल्या फांद्या, टोकाला काचेचीच फुलं, आणि पाकळीच्या कडेला रंग असा विरलेला, जणू फुंकणाऱ्याचा श्वास तिथंच संपला. आता मोतीबिंदूमुळं सासऱ्यांना नीट दिसत नव्हतं. तरी आमच्या नव्या घरात ते स्वतःच्या हातानं टांगायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी लेकीला सांगितली होती. झुंबर सुटं करून पाठवलं आणि फोनवर मला म्हणाले, "जावाईबापू, मी येऊस्तोवर निस्तं धुऊन ठेवा. दुसरं काही करू नका."

निस्तं धुणं माझ्यासारख्या जाणकाराला कमीपणाचं वाटलं. मी तीन व्हिडिओ पाहिले होते. फ्रेंच कारागिरीवर बायकोला व्याख्यानही दिलं होतं. ती तेव्हा मेथी निवडत होती, आणि दोन्हींत तेच काम शहाणपणाचं होतं.

फांद्यांच्या बुडाला काळवंडलेल्या पितळी टोप्या होत्या. त्यांवर कानशीनं ओढलेल्या वाकड्या रेघा. एकीवर एक, दुसरीवर दोन, अशा आठपर्यंत. मोजता मला आलं, पुढचा विचार झेपला नाही. फ्रेंच माणूसही कामचुकारच, असं ठरवून फांद्या चादरीत गुंडाळून एमआयडीसीत नेल्या.

पॉलिशवाला म्हणाला, "साहेब, ह्या रेघा कुणीतरी मुद्दाम मारेल दिसतात. राहू द्यू का?"

"काढ. एकदम चकाचक पाहिजे."

जुनी वस्तू नव्या नळासारखी चमकली की आमच्यासारख्या रिकाम्या डोक्यांना ती भारी वाटते.

रविवारी सासरे आले. सतरंजीवर बसून त्यांनी पहिली फांदी घेतली, बुडावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली.

"रेघा कुठं गेल्या?"

"काढून टाकल्या, मामा," मी ऐटीत सांगितलं.

त्यांनी फांदी सतरंजीवर ठेवली. म्हणाले, "हातानं ओढलेली काच हाय. एक फांदी दुसरीसारखी नसती. कारागीर हरेक टोपी तिच्या तिच्या भोकापुरती घासतो, अन् फांद्या बसतात त्या मधल्या वाटीवर भोकापाशी बी तेवढ्याच रेघा मारतो. भोक चुकलं की फांदी कलती, फुलावर फूल आपटतं. दिसत न्हाई आता मला. त्या रेघांच्या भरवशावर आल्तो."

"पण वाटीवरच्या रेघा आहेत ना शाबूत!"

"मंग काय त्यांना विचारू, तुमची फांदी कोणती म्हणून?"

बायको त्यांच्याशेजारी बसली. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. "बाबा, लागंल का हो तरी?"

"लागंल की. एकेक फांदी आठही भोकांत बसवून पाहू. तू बघ, मी हातानं चाचपतो. पाच-सहा दिस जातील," ते म्हणाले. "तेवढे दिस जावाईबापूंना घरात ठिवू नको."