आमच्या दोघींचं अठराशे चौदा

वडिलांची रेल्वेत मद्रासला बदली झाली तेव्हा मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते. पेरांबूरच्या क्वार्टर्समध्ये आमच्या समोरच तंजावरकडचं मराठी कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. "मज कॉफी नको, मामी," एवढं जरी ती म्हणाली तरी आई विरघळायची. "बघ, पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून भाषा कशी जपलीय!" मी पुण्याची. माझ्या मराठीचं कौतुक कोण करणार? आणि माझं तमिळ ऐकून तर भाजीवालीसुद्धा हसायची.

त्या वर्षी शाळेत इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. विषय होता, अमेरिकेच्या इतिहासातलं कुठलंही एक वर्ष. इतिहासाच्या बाईंनी वर्गात १८१४ बद्दल, म्हणजे अमेरिका-इंग्लंड युद्धातल्या वर्षाबद्दल, थोडं सांगितलं होतं. आम्ही दोघींनी तेच निवडलं.

माउंट रोडजवळच्या वाचनालयात त्यावरचं एकच जाड पुस्तक होतं. शनिवारी जाऊन मी त्यातून पानंच्या पानं उतरवून घेतली. सोमवारी तीही येणार हे मला माहीत होतं. उठताना मी ते पुस्तक वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांमागे सरकवून दिलं.

माझ्या भाषणात सगळं होतं. ऑगस्टमध्ये इंग्रजांनी राजधानी जाळली. सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरच्या किल्ल्याने तोफांचा मारा सोसला. डिसेंबरमध्ये तह झाला. मी तारखा एकही न चुकता म्हटल्या. टाळ्या बेताच्याच पडल्या.

तिने फक्त एका जेवणाची गोष्ट सांगितली. राष्ट्राध्यक्षांच्या घरी टेबल मांडलेलं. शत्रू जवळ आला म्हणून त्यांची बायको घर सोडून निघते, पण आधी भिंतीवरचं एक मोठं चित्र उतरवून घ्यायला लावते. मग भुकेले शिपाई येतात, ते तयार जेवण जेवतात आणि त्याच घराला आग लावतात. "ज्या गुलामांनी ते अन्न रांधलं असेल," ती म्हणाली, "त्यांच्यातलं कोण त्या दिवशी जेवलं?" बक्षीस तिला मिळणार, हे मला तिथेच कळलं.

घरी येताना तिने विचारलं, "ते पुस्तक तुज मिळालं होतं? मी दोनदा जाऊन आले."

"नेलं असेल कुणीतरी."

"बरंच झालं की. बाईंच्या घरी गेले. त्यांनी डोसे वाढले, तासभर सगळं समजावलं."

बाईंच्या घरी! मी वर्षभर त्यांच्या पुढ्यात पहिल्या बाकावर बसत होते. मला त्यांनी कधी 'घरी ये' म्हटलं नव्हतं. त्या संध्याकाळी आईने तिच्यासाठी शिरा केला. डोकं दुखतंय म्हणून मी त्याला तोंडसुद्धा लावलं नाही.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक जागेवर ठेवून आले. तिला मात्र सांगितलं नाही. दीड वर्षाने वडिलांची पुन्हा बदली झाली, सामान बांधून झालं, तेव्हा जिन्यात गाठून सांगून टाकलं.

"मी तुज मैत्रीण समजत होते गे," एवढंच ती म्हणाली आणि आत गेली.

सेंट्रल स्टेशनवर तिचे आईवडील आले, ती आली नाही. गाडी सुटेपर्यंत आई फलाटाकडे बघत होती. "पोरीला बरं नसेल," असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला रडू आलं, ते खरंच होतं. पण रडता रडता मनात हेही येऊन गेलं, की आई माझी वाट अशी कधी बघेल का?