खिशात राहिलेली किल्ली

आज कामाची पँट धुवायला टाकताना खिशात ग्रीसचा वास असलेली कुलपाची किल्ली लागली आणि पोलाद कारखान्यातली माझी ॲप्रेंटिसशिप आठवली.

दुरुस्तीला उतरताना प्रत्येकाने मशीनच्या स्विचला आपलं कुलूप लावायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत, म्हणजे शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत, मशीन सुरू होत नाही. एकदा माझं कुलूप तसंच लटकत ठेवून मी घरी निघाले. नेरे गावाला जाणाऱ्या रिक्षात किल्ली हाताला लागली तशी धावत परतले. काम खोळंबलं होतं. आता मला काढून टाकणार, अशी भीती वाटत होती.

तेवढ्यात आमचे फिटर, कोन गावचे म्हात्रेकाका, मशीनखालून सरपटत बाहेर आले.

“बाहेर हाय ना तू? मग काय नाय,” ते धापा टाकत म्हणाले. “मी आत शोधत व्हतो तुला.”

काका रागावले नाहीत, एवढंच तेव्हा कळलं. आता माझ्या हाताखाली ॲप्रेंटिस आहेत. शिफ्ट सुटल्यावर एखादं कुलूप लटकलेलं दिसलं, की मी आधी मशीनखाली वाकून हाक मारते.