रुमालाखालचा शब्द

अमरावतीच्या कापूस बाजारात आमच्या मामाजींच्या तोंडापेक्षा त्यांच्या उजव्या हाताला जास्त किंमत होती. मामाजी म्हणजे माझे सासरे. घराणं कुणब्याचं, पण त्यांनी शेती भावाच्या हवाली करून कापसाची दलाली धरली होती. त्या काळी बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा ठरवत. ज्याचा कापूस तो शेतकरी बिचारा बाजूला उभा राहून दोघांच्या तोंडाकडे बघत राही. शेवटी हातात हात दाबला की सौदा पक्का. "तोंड खोटं बोलते, बोट खोटं बोलत नाई," असं मामाजी म्हणत. त्यांचा दाबलेला हात कधी फिरला नाही, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना सोन्याचा भाव आला होता. कालपर्यंत अंबाडीच्या भाजीवर जेवणारे लोक बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवू लागले. बायकांच्या गळ्यात काय पडायचं ते पडलंच, पण त्याहून जास्त पुरुषांच्या गळ्याखाली उतरलं. बाजाराला लागून कलालाचं दुकान होतं. सौदा झाला की मोहाची दारू घ्यायची, असा रिवाजच पडला. दिवसाकाठी पाच-सात सौदे करणारा दलाल संध्याकाळी घरी कसा येत असेल, ते मी सांगायला नको.

मामाजी पिऊन मारझोड करणाऱ्यांतले नव्हते. ते पिऊन उदार होत. सासूबाईंची पाटली शेजारणीच्या लेकीला, दुभती गाय दारात आलेल्या गोसाव्याला, असं हातात येईल ते देऊन मोकळे होत. सकाळी सासूबाई डोक्यावरून पदर घेऊन दारोदार जात आणि दिलेलं परत मागून आणत. लोक अजून ते किस्से हसत हसत सांगतात. मला कधी हसू आलं नाही. दिलेली वस्तू परत मागायला गेलेल्या बाईचं तोंड मी पाहिलं आहे.

असं देता देता एक दिवस त्यांनी पोर दिली.

गंगू, माझी नणंद, तेव्हा नऊ वर्षांची होती. मामाजी अकोल्याच्या बाजाराला गेले होते. तिथे बाळापूरच्या, आमच्याच जातीतल्या एका मालदार बिजवराशी त्यांचा सौदा झाला. गृहस्थ पन्नाशीला आलेले, दोन बायका होऊन गेलेल्या. सौद्यानंतर दोघे कलालाकडे बसले. चार प्याले झाल्यावर बिजवराने मामाजींच्या हातावर रुमाल टाकला आणि चार माणसांदेखत म्हणाला, "तुमची गंगू मले देता काय?" मामाजींनी रुमालाखाली त्याचा हात दाबला. सकाळी त्यांना यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी बाळापूरची माणसं साडीचोळी आणि साखर घेऊन दारात उभी राहिली. गंगू अंगणात सागरगोटे खेळत होती. "हेच काय पोरगी?" त्यांनी विचारलं. "हो, मीच गंगू," असं सांगून तिने पुन्हा गोटे उडवले. मी दाराआड होते. मामाजींचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "थो हात माहा नव्हता, दारूचा होता. जा, तिलेच मागा पोरगी."

बाजारात बोंब झाली. ज्याचा हात कधी फिरला नाही त्याचा हात फिरला! प्रकरण जातीच्या पंचांपुढे गेलं. पंचांनी निवाडा दिला, तो वरून न्यायाचा आणि आतून सुरीचा. म्हणाले, नशेतला शब्द आम्ही धरत नाही. पण गंगूचं लग्न होईपर्यंत तू पुन्हा दारूचा थेंब जरी घेतलास, तर नशा हे तुझं नुसतं निमित्त होतं असं समजू, आणि पोर बाळापूरला द्यावी लागेल. मामाजी उभे राहिले. म्हणाले, "कबूल. अन् मी पेलो नाई, तं तुमी सारे कोन्या तोंडानं घरी जासान थे आताच ठरवून ठेवा."

बोलणं सोपं होतं. पुढचे काही दिवस आमच्या घराने जे पाहिलं ते वैऱ्याला नको. त्यांच्या पोटात पाणी ठरेना, भर चैत्रात अंग थंडगार घामाने निथळे, भिंतीवर मुंग्या दिसत आणि त्या झटकायला ते अंथरुणातून उठत. गंगू आपली गोधडी आणून त्यांच्या अंगावर टाकी. "बाबा, थंडी वाजते काय?" तिला आपल्यावर काय टांगलेलं आहे याची कल्पना नव्हती. ते दात आवळून म्हणत, "नाई व बाई, थोडी वाजून राहिली."

मुंग्या गेल्या, घाम गेला, पण उजव्या हाताची थरथर गेली नाही. दलालाचा हातच तो! रुमालाखाली त्यांनी तीन बोटं दाबली तर समोरच्याला चार वाटत. दोन सौदे असे बिनसले आणि नुकसान त्यांनीच भरलं. बाकीचे दलाल खिदळत. "दोन घोट घे ना बे, लगेच थांबन हात." आणि खरंच थांबला असता, हीच तर गोम होती. सगळ्या बाजाराला ते माहीत होतं. सौदे मिळेनात. दुपारीच घरी येऊन मामाजी ओसरीवर हाताकडे बघत बसू लागले.

आता सासूबाईंचं सांगते, आणि त्यांना कोणी नावं ठेवू नयेत म्हणून आधीच सांगते की त्या बाईने त्या दारूपायी सगळ्यांत जास्त सोसलं होतं. पण चुलीपुढे बसून त्यांनी आपला हिशेब केला. हात चालला नाही तर बाजार गेला, बाजार गेला तर गंगूला चांगलं स्थळ कुठून मिळणार? "घरातल्या घरात घोटभर घेतली तं कोन पाह्यते?" असं त्या माझ्या नवऱ्याजवळ बोलल्या, आणि यांनीही मान हलवली. ज्या घराने दारू सुटावी म्हणून देव पाण्यात ठेवले होते, तेच घर आता ती पाजायला निघालं! एका सकाळी सासूबाईंनी काढ्यात मोहाची मिसळली आणि पेला स्वतः त्यांच्यापुढे नेऊन ठेवला.

सुनेने सासऱ्यापुढे बोलायचं नसतं. मी त्या घरात आल्यापासून मामाजींनी माझा आवाज ऐकला नव्हता. काही सांगायचं तर गंगूच्या तोंडून सांगत असे. त्यांनी पेला उचलला. वास त्यांना आलाच असणार. हात तोंडाजवळ गेला आणि तिथेच थबकला, खालीही येईना, वरही जाईना. मला राहवलं नाही. दारातून पुढे होऊन मी ओरडले, "मामाजी, पेऊ नोका! दारू हाये त्यात!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मामाजींनी पेला अंगणात भिरकावला. माझ्याकडे न बघता, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सून बोलली. आता मी कायले गुमान बसू?" आणि फेटा बांधून बाजाराला निघाले.

बाजारात काय झालं ते यांनी घरी येऊन सांगितलं. सांगताना आधी मान खाली होती, मग हळूहळू वर आली. मामाजी एका कापसाच्या गाडीवर चढले. रुमाल त्यांनी खाली फेकून दिला आणि थरथरता हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "पाहून घ्या! दारू सोडली म्हनून हालते हा. आता बोटानं सौदा नाई. आता मी भाव तोंडानं सांगीन, अन् ज्याचा कापूस त्याच्या कानावर सांगीन." आणि खरेदीदाराचा भाव त्यांनी खड्या आवाजात पुकारला. गाडीचा मालक डोळे फाडून बघत राहिला. आपल्या कापसाला समोरचा काय देतो, हे त्याने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

दलालांनी त्यांना वाळीत टाकलं. बसायची जागा गेली. ते बाजाराच्या टोकाला एका निंबाखाली उभे राहू लागले. पण शेतकरी गाड्या तिकडे वळवू लागले, आणि गाड्या जिकडे तिकडे खरेदीदारही झक मारत गेला. बाजार काही सुधारला नाही, बाकीच्यांचे रुमाल तसेच राहिले. आमचं घर मात्र चाललं.

बाळापूरकर टपून होते. पोळ्याच्या दिवशी वेशीवरच्या गर्दीत त्यांच्या माणसाने मामाजींच्या अंगावर दारूचं मडकंच उलटं केलं आणि आरोळी ठोकली, "पेला! दलाल पेला!" मामाजींना तसंच, भिजल्या कपड्यांनी, पंचांपुढे उभं केलं. अंगाला घाण वास येत होता. पंच नाकाला उपरणं लावून एकमेकांकडे बघू लागले. गंगू मला चिकटून उभी होती. आता तिला सगळं समजू लागलं होतं. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती.

मामाजींनी शपथ घेतली नाही, गयावया केली नाही. उजवा हात पुढे केला. "बाजारात सारेच सांगत होते ना, दोन घोटात माहा हात थांबते? मंग पाहा. थांबला असन तं पोरगी घेऊन जा." थोरल्या पंचांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरला. हात नुसता हलत होता. त्यांनी तो सोडला आणि म्हणाले, "हा मानूस पेलेला नाई." ज्या थरथरीला सारा बाजार हसला, तिनेच पोर वाचवली. बिजवराने पुढे तिसरी केलीच, कोणाची तरी. तिचा बाप कोण होता ते मला ठाऊक नाही, पण त्याला मी आजही माफ केलेलं नाही.

गंगूचं लग्न पुढे अंजनगाव सुर्जीच्या एका पानमळेवाल्याच्या मुलाशी झालं. मुलगा तिच्याहून थोडाच मोठा, हसरा. तोवर ती परदेशातली लढाई थांबून भाव कोसळले होते. चढत्या भावात प्यायलेले लोक आता पडत्या भावात पीत होते. पिणाऱ्याला कारणाची वाण कधी पडते? पाठवणी झाल्यावर थोरले पंच मामाजींजवळ आले आणि आपुलकीने म्हणाले, "सुटले तुमी. अट संपली. आता मन झालं तं घ्या घोटभर, कोनी बोट दाखवनार नाई."

पंच गेले. मांडवात पत्रावळी पडल्या होत्या. सासूबाई भीत भीत नवऱ्याकडे बघत होत्या. मामाजी ओसरीवर बसले आणि आम्हा सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मला वाटलं, लेकीसाठी. ते म्हणाले, "रोज पेवावं वाटते मले. आजबी वाटून राहिलं. आतापर्यंत पंच राखनीले होते, पोरगी गहान होती. आता कोनी नाई. आता खरी सोडा लागते."

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. बरे दिवस थोडे पाहिले, वाईट जास्त. कलालाचं दुकान त्यांच्या रोजच्या वाटेवर होतं. त्यांनी वाट बदलली नाही. कोणी कौतुक करू लागलं तर चिडत. "कायचं कौतुक? आजचा दिवस गेला, एवढंच."

ते गेले तेव्हा अंगण माणसांनी भरलं. जो तो म्हणत होता, बाप असावा तर असा, पोरीसाठी दारू सोडली. पहिल्यांदा ऐकून घेतलं, दुसऱ्यांदा ऐकून घेतलं. मग मी पदर खोचून त्या सगळ्या पुरुषांसमोर आले. "पोरीसाठी सोडली थे तिच्या लग्नापर्यंत," मी म्हटलं. "त्याच्यानंतर कोनासाठी नाई सोडली. कोनी पाह्यत नव्हतं, कोनाचं काई अडत नव्हतं, तरी त्यायनं तोंडाले लावली नाई. थे त्यायची सोताची कमाई होय. थे कोनी दुसऱ्याच्या नावावर टाकू नोका."

गंगू बापाच्या पायाशी बसली होती. तिने डोळे पुसले आणि वर बघून म्हणाली, "वैनी खरं सांगून राहिली."