विसूभाऊंचं शास्त्रीय दूध

डोंबिवलीचे विसूभाऊ आठल्ये शाळेत मुलांना विज्ञान शिकवायचे आणि घरी बायकोला. ग्रहणात प्रमोदिनीबाईंनी दुधात तुळशीचं पान टाकलं की ते कडाडायचे, "अगं, पानानं काय होतंय? अडाणी कुठली!"

एकोणसाठ साली त्यांनी पेपरात वाचलं, की अणुबॉम्बच्या चाचण्यांतलं स्ट्रॉन्शियम पावसातून गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून पोरांच्या हाडांत जाऊन बसतं. झालं! दूध तीन-तीनदा उकळणं सुरू झालं. उकळून ते जात नाही असं कळल्यावर त्यांनी ठाकुर्लीच्या पोपट गवळ्याचा रतीबच तोडला. पोपट कळवळून म्हणाला, "मास्तर, पाण्याशिवाय मी त्यात काय बी घालत नाय!"

मग विसूभाऊंनी मुंबईहून दुधाच्या भुकटीचा परदेशी डबा आणला. "हे शास्त्रीय दूध!"

प्रमोदिनीबाईंनी डबा फिरवून देशाचं नाव वाचलं. "अहो, बॉम्ब फोडतात ते हेच ना?"

विसूभाऊंनी डबा ओढून घेऊन ते नाव पुन्हा वाचलं. दिवेलागणीला भुकटीचं दूध कालवून ते पातेलं घेऊन अंगणात गेले आणि त्यांनी तुळशीला हात घातला.

"अहो, तिन्हीसांजेला तुळस तोडतात का?" आतून प्रमोदिनीबाई कडाडल्या. "अडाणी कुठले!"