मी क्रूझ म्हणलं, दिरानं क्रूझर आणली

बायांनो, आज जीव पार विटलाय, म्हणून लिहून राह्यले.

शहागडला हायवेवर आमचा ढाबा हाय. जल्मभर भाकरी थापली. आता मला जहाजानं जायचंय, एकटीनं. दुसऱ्याच्या हातचं खायचं अन् पाणी बघत बसायचं, बस.

पुतणीनं मोबाईलवर दोन जहाजं दाखवली. एक मोठं, नाचगाण्याचं. दुसरं लहान, पण एकट्या माणसाला वेगळी खोली देणारं. सकाळी दिराला फोनवर सांगितलं, "भाऊजी, मी क्रूझनं फिरायला चालले."

दुपारी भाऊजी ढाब्यापुढं क्रूझर जीप घेऊन हजर! आत जाऊबाई, तिच्या बहिणी, त्यांची लेकरं.

"वहिनी, सीटा बराबर भरल्या. तुम्ही फक्त गॅस अन् पीठ घ्या, वाटंत सैपाक करू."

मी म्हणलं, "भाऊजी, क्रूझ म्हंजी जहाज. अन् मी एकटी जाणार."

"एकटी? मंग तिथं तुमच्याशी बोलंल कोण?"

"कोणीच न्हाई. म्हणूनच तर चालले."

जाऊबाई फणकारली, "आमचा एवढा कटाळा आला का?"

खोटं बोलायचाबी कटाळा आल्ता. हो म्हणलं. गाडी वळवून गेले सगळे. आता फोन उचलत न्हाईत.

अन् खरं सांगू? हे बोलणं चालू असताना पिठाचा डबा माझ्या हातात आल्ताच, सवयीनं. तो परत आत नेऊन ठेवला.

लहान जहाजच पक्कं केलंय. तुमच्यात कोणी एकटी गेली असंल तर सांगा, आयतं ताट पुढं आल्यावर रिकाम्या हातांचं काय करायचं?